चार नंबरचं काय? अभिवाचनाच्या प्रकल्प नोंदी, नागपूर

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

दिवाळी आटोपली, पाहुणे गेले, आता कामाला लागायचं. आज वाचनालयाच्या वरच्या हॉलचं पक्कं केलं, ३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी साडेदहा. संविधान दिन २६ ला, त्याच आठवड्यात व्हावं अशी सगळ्यांची इच्छा होती, आणि डिसेंबर लागला की अधिवेशन, मग सिव्हिल लाइन्सपासून सीताबर्डीपर्यंत बॅरिकेड आणि मोर्चे, लोक येणार कसे, म्हणून नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. हॉलचं भाडं माफ आहे, खुर्च्या आपल्या आपण लावायच्या आणि उचलायच्या.

नाटक ठरलंय रेजिनाल्ड रोज यांचं 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'. १९५४ मध्ये अमेरिकन टीव्हीसाठी लिहिलेलं, त्याआधी रोज स्वतः न्यूयॉर्कमधे एका खटल्यात ज्युरीवर, म्हणजे निकाल देणाऱ्या साध्या नागरिकांच्या मंडळावर, बसले होते, तिथून हे सुचलं. १९५७ मध्ये सिडनी ल्युमेट यांनी सिनेमा केला, आणि आपल्याकडं १९८६ मध्ये बासू चटर्जींनी हिंदीत 'एक रुका हुआ फैसला', बहुतेकांनी तोच पाहिलाय.

ग्रुपवर नवीन आलेल्यांसाठी गोष्ट थोडक्यात लिहून ठेवते. न्यूयॉर्कमधला झोपडपट्टीत वाढलेला एक पोरगा, त्याच्यावर बापाचा चाकूनं खून केल्याचा आरोप. खटला ऐकून झालाय, बारा साधी माणसं ज्युरी म्हणून एका खोलीत बसली आहेत, बाहेर उकाडा, आणि सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय सुटका नाही. दोषी म्हटलं तर पोराला मृत्युदंड. पहिल्या मतदानात अकरा जण दोषी म्हणतात, एकटा आठ नंबरचा ज्युरर नाही म्हणतो. पोरानं केलंच नाही असं त्याचंही म्हणणं नसतं, एक जीव जाणार आहे तर निदान थोडं बोलू या एवढंच तो म्हणतो. मग बोलणं सुरू होतं आणि बोलता बोलता एकेक साक्ष ढिली पडत जाते, आणि त्याबरोबर एकेका माणसाच्या पोटातलं बाहेर येत जातं.

आजच्या मीटिंगमधे एकानं विचारलं की आपल्या मराठीत नाटकं कमी आहेत का, अमेरिकेचं काहून आणायचं. प्रश्न बरोबर आहे. माझं म्हणणं असं की आपल्याच मातीतलं नाटक घेतलं की पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक जण आपापला तंबू ठोकून बसतो, हा लेखक कोणाचा, हे पात्र कोणत्या जातीचं, आणि मग पुढचे दोन तास त्या तंबूतूनच ऐकायचं. न्यूयॉर्कचं म्हटलं की माणूस जरा सैल बसतो. सैल बसलेल्या माणसापर्यंत गोष्ट लवकर पोचते असा आपला अनुभव.

५ नोव्हेंबर, बुधवार

गुरुनानक जयंतीची सुट्टी, म्हणून वकीलताईंकडं त्रिमूर्तीनगरला बसलो. विषय हक्कांचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळानं पैसे न घेता प्रेक्षकांसमोर प्रयोग केला तर सूट आहे, पण भाषांतराचा हक्क वेगळा, तो त्यात येत नाही, आणि रोज २००२ मध्ये गेले म्हणजे नाटक अजून बरीच वर्षं कॉपीराइटखाली. नीतीवर कार्यक्रम करायचा आणि स्क्रिप्ट उचलेगिरीची, हे कोणालाच पटणारं नव्हतं. हक्क बघणाऱ्यांना सप्टेंबरमधेच मेल टाकला होता, लेखी होकार आलाय, अट एवढीच की तिकीट नाही, रेकॉर्डिंग नाही, मराठी प्रत छापायची वाटायची नाही. म्हणजे वाचन झालं की सगळ्या झेरॉक्स परत गोळा करायच्या. हे काम माझ्याकडं.

ज्युरी म्हणजे काय हे सुरुवातीला पाच मिनिटं सांगावं लागणार. वकीलताई सांगतील. आपल्याकडंही ज्युरी होती. १९५९ च्या नानावटी खटल्यात, म्हणजे खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकाऱ्याच्या खटल्यात, मुंबईच्या नऊ जणांच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एक असं निर्दोष म्हटलं, सेशन्स जज्जना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टात पाठवलं, तिथं शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. पुढं १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी राहिलीच नाही. ताई म्हणाल्या, लोकांना वाटतं ज्युरी गेली म्हणजे आपला काही संबंध राहिला नाही, पण भाडेकरू ठेवताना, नोकरीवर घेताना, पोराची सोयरीक बघताना आपण ज्युरीच असतो नं, आणि तिथं तर समोरच्याला वकीलही मिळत नाही. हे त्यांनी त्या दिवशीही बोलावं असं सांगितलंय.

९ नोव्हेंबर, रविवार

रोल वाटप. आठ नंबर सगळ्यांना पाहिजे, दहा नंबर कोणालाच नको. दहा नंबर म्हणजे तो 'त्या लोकांबद्दल' वाट्टेल ते बोलणारा. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. दहा नंबर निघाला आमच्या अंगणवाडीताईंना, ज्या रिक्षावाल्यालाही कधी आवाज चढवून बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "बाप्पा, हे मी वाचू?" आणि मग स्वतःच म्हणाल्या की वाचते, हे सगळं ऐकलेलंच आहे, नवीन काही नाही.

आठ नंबर लॉ कॉलेजच्या पोरीकडं. तीन नंबर, म्हणजे स्वतःच्या मुलाचा राग या पोरावर काढणारा बाप, तो ऑटोवाल्या दादांकडं. अकरा नंबर नाटकात दुसऱ्या देशातून आलेला घड्याळजी आहे, भाषेवरून टोमणे खाणारा, तो रोल आला शिवणकाम करणाऱ्या एका ताईंकडं, त्या मूळच्या छत्तीसगढच्या, लग्न होऊन इथं येऊन बरीच वर्षं झाली, मराठी स्वच्छ बोलतात पण हेल तिकडचा राहिलाय आणि तो राहू द्यायचा असं ठरलं. चार नंबर, शेअर दलाल, शांत, मुद्देसूद, तो धरमपेठेतल्या रिटायर्ड बँकवाल्या काकांना. आणि पाच नंबर, झोपडपट्टीत वाढलेला ज्युरर, तो नाग नदीकाठच्या वस्तीतल्या एका पोराला, बीकॉम झालाय, सध्या पार्सल डिलिव्हरी करतो. चिठ्ठीनंच निघालं हे, आम्ही ठरवलं नव्हतं, पण चिठ्ठी उघडल्यावर तो जरा हसला आणि म्हणाला, "मलाच यायचं होतं."

नाटकात कोणालाच नाव नाही, नुसते नंबर. म्हणून मी सुचवलं की वाचकांच्या आणि प्रेक्षकांच्याही बॅजवर फक्त नंबर टाकू, नाव आडनाव काही नको. नागपुरात आडनाव कळलं, त्याला जोडून 'राहता कुठं' कळलं, म्हणजे इंदोरा की महाल की मोमीनपुरा की प्रतापनगर, की समोरच्याच्या डोक्यात पूर्ण फाइल तयार होते. पण लॉवाली पोरगी ठाम उभी राहिली. म्हणाली, "ताई, आडनाव लपवायची गरज कोणाला पडते? ज्यांना कधी त्रास नाही झाला त्यांना लपवलं काय नि सांगितलं काय, सारखंच. मी माझं आडनाव सांगूनच बोलणार, चार पिढ्यांनी कमावलंय ते." यावर बराच वेळ वाद झाला. बँकवाले काका म्हणाले नंबर बरा, अंगणवाडीताई म्हणाल्या ज्याला सांगायचं त्यानं सांगावं. शेवटी तेच केलं, बॅजवर नंबर, खाली रिकामी रेघ, भरायची त्यानं भरावी. मला पोरीचं म्हणणं पटलंय हे इथं लिहून ठेवते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

फक्त कामं. झेरॉक्स झाल्या, मोठ्या अक्षरात, कारण नऊ नंबर वाचणाऱ्या आजोबांना बारीक दिसत नाही. माईक दोन मिळतील. पोह्यांचं गोळीबार चौकातल्या ओळखीच्या ठेल्यावाल्याला सांगितलं, तर्री वेगळ्या डब्यात द्या म्हटलं, सगळ्यांना झेपत नाही. हिंदी सिनेमा ३० तारखेपर्यंत कोणी बघायचा नाही असं ग्रुपवर टाकलं, नाहीतर सगळे पंकज कपूरसारखं ओरडायला लागतील.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज पूर्ण वाचन, आणि आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला पाहिजे.

नाटकात सुरुवातीलाच एक जागा आहे. चार नंबर अगदी शांतपणे म्हणतो की झोपडपट्ट्या म्हणजे गुन्हेगार पैदा होण्याच्या जागा, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तिथून येणारी पोरं समाजाला धोकाच असतात. रागानं म्हणत नाही, शिवी देत नाही, हवामान सांगावं तसं सांगतो. दहा नंबर लगेच त्याची री ओढतो. मग पाच नंबर म्हणतो की मी आयुष्यभर अशाच वस्तीत राहिलोय. आणि त्यावर त्याला समजावलं जातं की अरे तुझ्याबद्दल नाही बोलत आहेत, मनाला लावून घेऊ नको.

काकांनी ते वाक्य वाचलं. छान वाचलं, स्पष्ट उच्चार, योग्य जागी थांबून. पोरानं त्याची वाक्यं वाचली, आवाज जरा खाली गेला होता त्याचा. फोरमनचा, म्हणजे ज्युरीच्या प्रमुखाचा, रोल शाळेतल्या सरांकडं आहे, त्यांनी समजावणीचं वाक्य वाचलं. आणि त्यानंतर काकांनी कागद खाली ठेवून पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खरंच बेटा, तू तर किती हुशार आहेस, तू वेगळा आहेस."

पोरगा म्हणाला, "काका, हे स्क्रिप्टमधे नाही."

काकांना आधी समजलंच नाही. मग पोरगा म्हणाला, आवाज न चढवता, "मी वेगळा नाही काका. माझ्या गल्लीत माझ्यासारखे भरपूर आहेत, शिकून राहिले, काम करून राहिले. तुम्ही फक्त मलेच भेटले."

काका म्हणाले, "मी चांगल्या मनानं म्हटलं रे." आणि ते खरंच होतं, काका वाईट माणूस नाहीत, लॉकडाऊनमधे त्यांनी स्वतः फिरून किराणा वाटला आहे, कोणाला सांगितलंही नाही. पण म्हणूनच ते वाक्य महत्त्वाचं आहे. दहा नंबरचं सगळं विष आपल्याला ओळखता येतं, तो बोलायला लागला की कान टवकारतात. चार नंबरचं वाक्य मात्र चहाबरोबर आत जातं. 'तुम्ही त्यातले वाटत नाही', 'आमच्याकडं सगळे येतात हो, आम्ही मानत नाही', 'एरिया जरा तसाच आहे, बाकी माणसं चांगली असतील'. मी स्वतः या शहरात वाढले, ही वाक्यं कोण्या गुंडाच्या तोंडून नाही ऐकली, हळदीकुंकवाला ऐकली, स्टाफरूममधे ऐकली.

त्यानंतर अर्धा तास नाटक बाजूलाच राहिलं. ऑटोवाले दादा म्हणाले, पुढं जाऊ या नं, वेळ होते. अकरा नंबरच्या ताई म्हणाल्या, "नहीं, थांबा, बोलू द्या." त्या हिंदी-मराठी मिसळून बोलल्या की त्यांना कॉलनीत कोणी वाईट बोलत नाही पण भिशीचा हिशोब त्यांच्याकडं कधी देत नाहीत, हसत हसत दुसरीकडं देतात.

जाताना काकांनी मला जिन्यात थांबवलं. म्हणाले, बँकेत असताना काही एरियांची नावं अर्जावर दिसली की फाइल जरा बाजूला ठेवायची पद्धत होती, लिहिलेलं कुठंच नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं. आणि विचारलं, ३० तारखेला ते वाक्य मी कसं वाचू? कडक वाचू का, म्हणजे लोकांना कळेल? मी म्हटलं, काका, फाइलवर शेरा लिहायचे नं, तसं वाचा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चर्चेचे प्रश्न काढायला बसलो. आधीच्या यादीतला पहिला प्रश्न होता 'दहा नंबरच्या वागण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?' तो काढून टाकला. त्याला सगळे वाईटच म्हणणार, आणि वाईट म्हणून झालं की आपण सुटलो असं वाटतं.

दोन गोष्टी नाटकात मला आधी कधी जाणवल्या नव्हत्या. एक, दहा नंबर शेवटी फुटतो, बरळत सुटतो, आणि खोलीतले एकेक जण त्याच्याकडं पाठ करतात, तेव्हा त्याला गप्प कोण करतं? चार नंबर. म्हणजे ज्यानं सुरुवातीला तेच मत सभ्य भाषेत मांडलं होतं तोच. आणि दोन, चार नंबर मत बदलतो ते कशावर? खून बघितला म्हणणाऱ्या बाईच्या नाकावर चष्म्याचे वळ होते, म्हणजे रात्री अंथरुणात पडलेल्या बाईनं चष्म्याशिवाय रस्त्यापलीकडचं काय बघितलं असेल, या मुद्द्यावर. पुरावा डळमळला, त्यानं प्रामाणिकपणे मान्य केलं, मत फिरवलं. याबद्दल मला त्याचा आदर आहे. पण झोपडपट्टीबद्दलचं त्याचं मत? ते पूर्ण नाटकात परत कोणी विचारतच नाही. निकाल बदलला, माणूस तोच विचार घेऊन घरी गेला. आठ नंबरनंही नाही विचारलं.

मग मुख्य प्रश्न हाच, चार नंबरचं काय?

वकीलताईंनी याला आपल्या कायद्याची बाजू जोडली. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, त्यात जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, नाव नोंदवा, हजेरी द्या, परवानगीशिवाय हलू नका. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण शिक्का कागदावरून पूर्ण गेलाच नाही. थेट ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाला तुरुंगांच्या नियमावल्यांतले नियम रद्द करावे लागले, ज्यात जातीवरून कामं वाटली जात होती, साफसफाई कोणी करायची, स्वयंपाक कोणी करायचा, आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार धरलं जायचं. कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकानाही काढायला सांगितला. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी ही याचिका केली होती. ताई म्हणाल्या, या नियमावल्यांची भाषा वाचून बघा, एक शिवी सापडणार नाही, सगळी चार नंबरचीच भाषा.

२३ नोव्हेंबर, रविवार

शेवटचं पूर्ण वाचन, चांगलं झालं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या साक्षीदाराची ती जागा करून बघितली. तो म्हणतो मी पंधरा सेकंदांत पलंगावरून उठून दारापर्यंत गेलो आणि पोराला जिन्यावरून पळताना बघितलं, आणि म्हातारा एक पाय ओढत चालणारा. नुसतं वाचून कळत नाही. नऊ नंबरच्या आजोबांचे गुडघे तसेही दुखतात, ते म्हणाले मी चालतो. खुर्चीवरून उठले, हात टेकून, एक पाय ओढत, आणि नर्सताईंनी मोबाइलवर टायमर लावला. पंधरा सेकंद झाले तेव्हा आजोबा अजून दुसऱ्या खिडकीपाशी होते. सगळे नुसते बघत राहिले, आजोबा मात्र थांबायला तयार नाहीत, दारापर्यंत गेलेच, म्हणाले पूर्ण करू द्या.

हे ३० ला असंच करायचं, नाटकीपणा नको.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संविधान दिन. सकाळी संविधान चौकात आमच्यातले काही जण जाऊन आले, तिथं आलेल्यांना पत्रकं दिली. संध्याकाळी खुर्च्या मोजल्या, कमी पडतील, शेजारच्या मंगल कार्यालयाकडून थोड्या मिळतील. बॅज कापले. बाकी विशेष नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

झालं. आत्ता रात्री लिहिते आहे, पाय दुखतात पण आजच लिहायला पाहिजे.

लोक अपेक्षेपेक्षा जास्त आले, मागं उभे होते काही. पोहे साडेदहालाच संपले. दारात प्रत्येकाला तीन चिठ्ठ्या दिल्या, वाचनाच्या मधे तीन वेळा मत टाकायचं, दोषी की नाही. वकीलताईंनी ज्युरीबद्दल सांगितलं आणि एक गोष्ट ठासून सांगितली की तुम्हाला पोरगा साधा-सरळ आहे हे ठरवायचं नाहीये, सरकार पक्षानं शंका राहणार नाही इतपत सिद्ध केलंय का एवढंच ठरवायचंय.

वाचन टेबलाभोवती बसून, प्रेक्षक चारी बाजूंनी. सरांनी फोरमन फार संयमानं केला. तीन नंबरचे ऑटोवाले दादा शेवटच्या भागात कागदाकडं बघतच नव्हते, पाठ झालं होतं त्यांचं, आणि मुलाचा फोटो फाडायची जागा आली तेव्हा त्यांना पुढं वाचायला जरा वेळ लागला, कोणी घाई केली नाही.

काकांनी ते वाक्य शेरा लिहावा तसंच वाचलं. हॉलमधे काहीच झालं नाही. कोणी हललं नाही, दोन-तीन माना तर हो म्हणून हलल्या, मी भिंतीशी उभी होते, मला दिसल्या. नंतर अंगणवाडीताईंचा दहा नंबर सुरू झाला, त्या ओरडल्या नाहीत, त्यांच्या रोजच्याच आवाजात बोलत गेल्या आणि तरी अंगावर काटा आला. टेबलावरचे एकेक जण खुर्ची फिरवून पाठ करून बसले. मग काकांनी चार नंबर म्हणून त्यांना गप्प केलं आणि हॉलनं टाळ्या वाजवल्या. जोरात.

हे आम्हाला अपेक्षित होतं, तरी टाळ्या ऐकून कसंतरी झालं.

तिसऱ्या चिठ्ठीत जवळजवळ सगळ्यांनी दोषी नाही लिहिलं. चर्चेत पहिला प्रश्न लॉवाल्या पोरीनं विचारला, की आत्ता तुम्ही टाळ्या वाजवल्या त्या माणसानं सुरुवातीला काय म्हटलं होतं, कोणाला आठवतंय का? बऱ्याच जणांना आठवत नव्हतं. तिनं काकांना ते वाक्य परत वाचायला लावलं. काकांनी वाचलं आणि पुढं स्वतःहून म्हणाले की हे वाचायला मला सराव करावा लागला नाही.

मग बोलणं जे सुरू झालं ते दीडपर्यंत. सगळं लिहिणं शक्य नाही, काही काही ठेवते.

एक काकू म्हणाल्या की आम्ही असं काही मानत नाही. त्यावर इंदोऱ्याहून आलेल्या एका ताईंनी विचारलं, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात तेव्हा तुमच्या कॉलनीच्या ग्रुपवर काय मेसेज येतो? काकू खरं बोलल्या, 'गर्दी आहे, त्या बाजूला जाऊ नका' असा येतो. ताई म्हणाल्या, आणि तान्ह्या पोळ्याला काळी-पिवळी मारबत निघते, पुतळ्यांची मिरवणूक, इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा? तेव्हा 'नागपूरची शान, बघायला नक्की या'. गर्दी दोन्हीकडं सारखीच, ढकलाढकल झाली तर मारबतीत होते, दीक्षाभूमीवर माणसं रांगेत उभी राहून पुस्तकं घेतात. काकूंनी यावर काही उत्तर दिलं नाही पण उठूनही गेल्या नाहीत, आणि शेवटी त्या ताईंशी बोलत होत्या जिन्यात, काय ते मला माहीत नाही.

पारधी समाजातले एक दादा उमरेडच्या बाजूनं आले होते. ते म्हणाले, तुमच्या नाटकातल्या पोराला खटला तरी मिळाला, आमच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, आजूबाजूला कुठं चोरी झाली की पहिली गाडी आमच्याकडं येते, पोट्टं शाळेत जाते का कामाले जाते कोणी पुसत नाही. "चाकू सापडला का हेबी कोणी पाहत नाही जी, आम्ही सापडलो म्हणजे झालं." १८७१ ची माहिती वकीलताईंनी यानंतर सांगितली, आधी सांगायचं ठरलं होतं पण त्यांनी दादांना आधी बोलू दिलं, ते बरोबर केलं.

विरोधही झाला. एक गृहस्थ चिडून म्हणाले की तुम्ही लोक प्रत्येक ठिकाणी जात काढता, नाटकात जात कुठं आहे? पोरानं, म्हणजे आमच्या पाच नंबरनं, उत्तर दिलं की नाटकात नाही साहेब, म्हणून तर आम्हाला दोन तास कोणी अडवलं नाही.

सगळ्यात वजनदार विरोध एका रिटायर्ड सरकारी वकिलांचा होता आणि तो मी प्रामाणिकपणे मांडते. ते म्हणाले, कायद्याला माणसाचं मन धुवायचं नसतं, निकाल बरोबर लागला की काम झालं. चार नंबरच्या मनात काय आहे याच्याशी कोर्टाला काय करायचं, त्यानं पुरावा बघितला, मत बदललं, हाच तर आदर्श ज्युरर. माणसाची मतं काहीही असोत, पुराव्यापुढं त्यानं झुकावं, समाजानं एवढंच मागावं, जास्त मागायला गेलात तर उद्या तुम्ही लोकांच्या डोक्यात शिरून तपासणी कराल.

याच्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण त्या खोलीत आठ नंबर नसता तर? चष्म्याचा मुद्दा निघालाच नसता, पहिल्या पाच मिनिटांत बारा विरुद्ध शून्य झालं असतं आणि चार नंबर तितक्याच शांतपणे घरी गेला असता. पुरावा तपासायचा की नाही हे ठरतं पुराव्याच्या आधी, आणि तिथं त्याचं ते मत बसलेलं असतं. पुढच्या खटल्यातही तो तिथूनच सुरुवात करणार. आणि कोर्टाबाहेर, जिथं आपल्यापैकी बहुतेकांचे निकाल लागतात, घर भाड्यानं देताना, लोनच्या फाइलवर, तिथं तर चष्म्याचे वळ दाखवणारं कोणी नसतंच. हे मी तिथं बोलले. ते म्हणाले, मान्य आहे पण उपाय सांगा. अकरा नंबरच्या ताई म्हणाल्या, "उपाय हाच, टेबलावर आठ नंबर पाहिजे, आणि पाच नंबरबी पाहिजे." सरांनी त्यात भर घातली की पाच नंबर टेबलावर होता म्हणून तर चाकू वरून खाली मारलाय की खालून वर, हा मुद्दा निघाला, कारण असा चाकू हातात कसा धरतात हे त्या वस्तीत वाढलेल्यालाच माहीत होतं, बाकीच्या अकरांना नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. वस्तीतला माणूस टेबलावर बसवणं म्हणजे त्याच्यावर उपकार नाहीत, त्याच्याशिवाय निकालच चुकतो.

मग झेरॉक्स गोळा करायला लागले, सगळ्या मिळाल्या. खुर्च्या उचलल्या.

३ डिसेंबर, बुधवार

प्रेक्षकांनी शेवटी लिहून दिलेले कागद वाचले. बरेचसे 'छान कार्यक्रम' छापाचे आहेत, काही लांबलचक. एकीनं लिहिलंय की घरी जाऊन कामवालीचा कप कपाटातून काढून सगळ्यांच्या कपात ठेवला, नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर काय सांगावं कळलं नाही. एकानं लिहिलंय की दोन तास उपदेश ऐकल्यासारखं झालं, पुढच्या वेळी येणार नाही. दोन्ही फाइलला लावलेत.

पुढचं वाचन १८ जानेवारी, रविवार, उत्तर नागपुरात एका विहाराच्या हॉलमधे. पोरगा म्हणतो मला या वेळी चार नंबर द्या. ऑटोवाले दादांना पटत नाही, त्यांचं म्हणणं की त्याच्या तोंडून ते वाक्य ऐकून त्याच्याच वस्तीतल्या लोकांना वाईट वाटेल. पोरगा म्हणतो, त्यांना सवय आहे ऐकायची, म्हणायची मजा पण बघू दे. काका म्हणाले मी कोणताही नंबर वाचतो, आठ सोडून. अजून ठरलेलं नाही, रविवारी बसू तेव्हा ठरवू.

चर्चेच्या कागदावर पहिला प्रश्न बदललाय. आता तो असा आहे: खटला संपला, पोरगा सुटला, दोन वर्षांनी त्याच वस्तीतला दुसरा एक पोरगा चार नंबरच्या ऑफिसात नोकरी मागायला आला, काय होईल? उत्तर लिहायला पाच ओळींची जागा सोडली आहे.

उमरेडकडच्या दादांचा फोन आला होता. बेड्यावर करा म्हणाले, पण तिथं वाचणारे कमी, तर कागद न घेता बोलूनच करता येईल का विचारत होते, बारा नसले तरी सहा-सात जणांत बसवता येईल. अट भाषांतर न छापण्याची आणि रेकॉर्डिंग न करण्याची आहे, पण काटछाट करायची तर परत परवानगी लागेल असं वकीलताई म्हणतात. उद्या मेल टाकते.